एकोणिसाव्या सेकंदाच्या पुढे

माझं काम नेमकं काय आहे, हे सासूबाईंना अकरा वर्षांत मला नीट सांगता आलेलं नाही. शेजारपाजारी कुणी विचारलं की त्या सांगतात, "सून सांगलीत मोबाईल बघायला जाते." विचारणारी म्हणते, ते तर आमची पण घरात बसून करती. सासूबाई म्हणतात, हिला त्याचा पगार मिळतो. मग दोघी माझ्याकडे बघतात आणि मी चहा ठेवायला आत जाते.

तर सांगते. तुमच्या मोबाईलवर सकाळी उठल्या उठल्या जो व्हिडिओ येतो, म्हणजे नवरदेवाच्या घोड्यानं बँडवाल्याची टोपी खाल्ली वगैरे, तो आपोआप आलेला नसतो. कुणीतरी तो काढलेला असतो. मग कुणीतरी तो शोधतो, काढणाऱ्याला फोन करून रीतसर परवानगी घेतो, नको असलेला भाग कापतो, वर चार शब्दांची ओळ लिहितो आणि सोडून देतो. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. सांगलीत एका गादी कारखान्याच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खाली दिवसभर कापूस पिंजतात, वर आम्ही व्हिडिओ कापतो. मालक दिलीपराव पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचे. कुणाचं रडणं ठेवायचं आणि कुणाचं जेवणं कापायचं, हे त्यांना तिथंच कळलं.

या धंद्यात अवघड काय असेल तर खरा मालक शोधणं. व्हिडिओ गाजला की तो मीच काढला म्हणणारे चाळीस जण निघतात. एकदा विट्यातल्या माकडाचा व्हिडिओ एकाच वेळी तीन सख्ख्या भावांनी काढलेला होता आणि तिघे एकमेकांशी बोलत नव्हते. मी अशा वेळी एकच प्रश्न विचारते, "याच्या आधी काय आहे आणि पुढं काय आहे?" कारण फिरत असतो तो कापलेला तुकडा. अख्खा व्हिडिओ ज्याच्याकडे असतो त्यालाच आधीचं आणि पुढचं माहीत असतं. खोटा माणूस इथं खोकायला लागतो. खरा मालक म्हणतो, आधी माझ्या बायकोची चप्पल दिसते, पुढं ती मला मोबाईल ठेव म्हणते. मग मी परवानगीचा कागद पाठवते. हा प्रश्न माझा आहे. दिलीपराव तो आता स्वतःचा म्हणून सांगतात, पण माझा आहे.

माणसं एकेक भेटली. कवठे महांकाळकडचे बिरूमामा म्हणून एक मेंढपाळ होते. त्यांची मेंढरं एकदा थांब्यावर उभ्या बसमध्ये ओळीनं चढली आणि कंडक्टरनं उतरवायला गेल्यावर मागच्या दारानं परत चढली. व्हिडिओ झकास होता. मामांना फोन केला तर म्हणाले, घ्या की, पण किती माणसं बघतील? मी अंदाज सांगितला. मामांनी तो आकडा दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाले, एवढ्या लोकांची नजर पडली तर एक मेंढरू जगायचं न्हाई, तीट लावा. मेंढराला का, म्हटलं. मामा म्हणाले, मेंढराला आमी लावतो, तुमी फोटूला लावा. शेवटी आम्ही व्हिडिओच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका ठेवला. लोकांना वाटलं, काच खराब झाली. बरेच जण तो बोटानं पुसत बसले. मामांची मेंढरं अजून धडधाकट आहेत, आणि ठिपक्याशिवाय सोडला असता तर काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही.

दुसरे खंडाळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. त्यांचा खोंड त्यांच्या हुकमावर लेफ्ट-राईट करायचा. शेजाऱ्यानं चोरून काढलेला व्हिडिओ आमच्याकडे आला, म्हणून मी सुभेदारांची परवानगी मागितली. त्यांनी आधी माझं नाव, गाव, हुद्दा विचारून घेतला आणि मग सांगितलं की परवानगी मिळणार नाही, जवानाची ट्रेनिंग अजून पुरी झालेली नाही. आठ महिन्यांनी त्यांचा स्वतःहून फोन आला. ट्रेनिंग कम्प्लीट, पाठवा तुमची माणसं. तोवर खोंडांचा जमाना संपून पोपटांचा आला होता. मला ते त्यांना सांगवेना. मी म्हटलं, साहेब, वरून ऑर्डर आली की कळवते. ते म्हणाले, वाट बघतो. अजून बघत असतील.

या गोष्टी मी लग्नाकार्यात सांगते आणि लोक हसतात. पुढची आजवर सांगितली नव्हती.

त्यासाठी आधी कॉलेजात जावं लागेल. इस्लामपूरला कॉलेजात असताना मी खो-खो खेळायचे. खेळायचे म्हणजे काय, कॉलेजची खरी टीम वेगळी होती. त्या पोरींना किट होतं, केळी होती, सकाळचा सराव होता. आम्ही संध्याकाळी शेवटची एसटी यायच्या आधी कँटीनमागच्या रिकाम्या जागेत खेळणाऱ्या. क्रीडाशिक्षक आम्हाला 'उरलेल्या' म्हणायचे. आम्ही ते नाव लावून घेतलं. एक जण पळता पळता डबा खायची, एक जण फक्त ओरडायला यायची. आणि एक होती वैशाली, वैशी. ऊसवाल्यांच्या घरातली, बाप फौजेत, आणि पोरगी नियमाला अशी पक्की की आमच्या त्या वेड्या खेळातसुद्धा ती रोज फक्की मारून रेषा आखायची.

ज्यांनी शाळेत खेळूनही विसरून टाकलंय त्यांच्यासाठी खो-खोचं थोडं सांगते. दोन खांब, मधे एक पाटी. त्या पाटीवर आठ जणी उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही. आणि एकदा एका दिशेनं पळायला लागली की मागं फिरता येत नाही. पळणारी तिच्या बगलेतून उलटी गेली तरी हिनं सरळ खांबापर्यंत जायचं, खांबाला वळसा घालायचा, मगच दुसऱ्या बाजूनं यायचं. नाहीतर बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं. मग ती उठते. थाप पडेपर्यंत बसलेलीनं हलायचं नाही. एवढंच.

गॅदरिंगच्या सामन्यात आमची गाठ कॉमर्सच्या पोरींशी पडली. शेवटच्या मिनिटात एक गडी हवा होता आणि वैशीनं तो टिपला. पंचांनी शिट्टी मारली. आम्ही नाचायला लागलो. वैशी पंचांकडे गेली आणि म्हणाली, "सर, माझा पाय पाटीवर पडला हुता." पंचांनी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. आम्ही त्या एका गड्यापायी हरलो. उरलेल्यांना आयुष्यात मिळू शकणारा तो एकमेव कप होता, आणि मी सोमवारपर्यंत तिच्याशी बोलले नाही. सोमवारी बोलले, कारण डबा तिच्याकडे होता. पण मनात कुठंतरी ते राहिलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

गेल्या वर्षी एका दुपारी तालुक्याच्या बाजारातल्या एका भांडीवाल्यानं व्हिडिओ पाठवला. तो दुकानाच्या गच्चीवरून आठवड्याच्या बाजाराचं शूटिंग करत होता. वरून काढल्यामुळं सगळं स्वच्छ दिसत होतं. भाजीवाल्यांची एक लांब ओळ, काहींची तोंडं या बोळाकडं, काहींची त्या बोळाकडं, आणि ओळीच्या टोकाला विजेचा खांब. एक माणूस एका म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ हिसकून पळतो. तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई हातातली पिशवी टाकून त्याच्यामागं पळते. लय वेगात. चार हातांवर आल्यावर चोर गर्रकन वळतो आणि तिच्या बगलेतून उलटा निसटतो. आणि ती बाई वळत नाही. ती तशीच सरळ पळत जाते, खांबाला दोनदा तळहात मारते, वळसा घालते आणि पलीकडच्या बोळात शिरते. तोवर चोर या बोळातून उलट्या बाजूला निम्मा पोचलेला.

एकोणिसाव्या सेकंदाला मी फुटले. हसून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडं नियम आहे, जिथं हसू आलं तिथं कापायचं, कारण पुढं बघणारा थांबत नाही. मी एकोणिसाव्या सेकंदाला कापलं. वर ओळ टाकली, 'चोर सोडला, खांब पकडला'. भांडीवाल्याला आधी काय आहे ते विचारलं होतं. तो म्हणाला, आधी म्हैस जाते. ते बरोबर होतं. पुढं काय आहे ते विचारायच्या आतच त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, आणि मी म्हटलं, राहू दे.

आता एक गोष्ट. त्या बाईला मी ओळखलं नाही, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना आणि स्वतःलाही सांगत होते. ओळखलं होतं. स्कार्फ असला म्हणून काय झालं. खांबाला दोनदा तळहात मारून वळणारी मी जन्मात एकच बघितली. ओळखलं, कप आठवला, आणि जास्त हसले. कापताना हात अडला नाही. उलट म्हटलं, बाई गं, अजून तशीच आहेस.

व्हिडिओ कसा पळाला ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या खालचा कापूस पिंजणारा मला तो दाखवायला वर आला. लोकांनी गाणी लावली, खांबाच्या जागी नवरा लावला. दिलीपरावांनी सगळ्यांना भडंग मागवलं. मी दोन मुठी खाल्ल्या.

पाचव्या दिवशी वैशीचा फोन आला. वर्षा-दोन वर्षांनी यायचा तसा. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ मुद्द्यावर आली. म्हणाली, "शुभे, तू त्या लायनीत हायस. माजा व्हिडिओ कुणी कापून सोडलाय, तेवढं हुडकून दे."

मी म्हटलं, हुडकते.

मग तिनं सगळं सांगितलं, आणि मला खुर्चीत नीट बसवेना. ती आता सासरच्या गावात, तालुक्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर, पोरींना खो-खो शिकवत होती. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेमागच्या मोकळ्या जागेत पहाटे साडेपाचला बारा पोरी यायच्या. बाराच लागतात, नऊ पाठलागाला आणि तीन पळायला. महिन्यावर तालुक्याच्या स्पर्धा होत्या आणि शाळेनं पहिल्यांदाच मुलींची टीम पाठवायचं कबूल केलं होतं. त्यात हा व्हिडिओ गावात आला. स्कार्फ होता, पण गावानं साडी ओळखली. पोरं गावातल्या प्रत्येक खांबापाशी उभी राहून जाणाऱ्या पोरींना 'हात लाव, हात लाव' ओरडायला लागली. पहिली कोमलच्या आईनं पोरगी काढून घेतली. चोराच्या मागं जाऊन खांबाला फेऱ्या मारायला शिकवती ही, आमच्या पोरीची अब्रू जाती, असं तिचं म्हणणं. मग दुसरी गेली, तिसरी गेली. आता पाच उरल्यात, वैशी म्हणाली.

मी विचारलं, पण चोर तर सुटलाच ना?

ती म्हणाली, "सुटतोय कशानं? धरला की आमी. शांताआक्कानं धरला. मी सांगते तर गावात कोण इश्वास ठेवंना. म्हणत्यात, व्हिडिओत दिसत न्हाई ते."

फोन ठेवला आणि अख्खी फाईल उघडली. ती माझ्याच कॉम्प्युटरवर होती. एक मिनिट आणि वर बारा सेकंद. अकरा वर्षं जगाला 'पुढं काय आहे' विचारणाऱ्या बाईनं त्या दिवशी पहिल्यांदा पुढचं बघितलं.

पुढं असं आहे. चोर मागं वळून बघतो. मागं कुणी नाही. तो पळायचा थांबतो आणि भाजी घ्यायला आल्यासारखा चालायला लागतो. पलीकडच्या बोळातून वैशी जिवाच्या आकांतानं पळत येते आणि त्याच्या बरोबरीला येते. मधे भाजीवाल्यांची ओळ. वैशी ओळ ओलांडत नाही. चोराच्या बाजूला तोंड करून एक धिप्पाड कांदेवाली बसलेली आहे, तिची पाठ वैशीकडं. वैशी तिच्या पाठीवर थाप मारते. आवाज गच्चीपर्यंत आलाय, "खो!" आणि कांदेवाली उठते. काय झालं, कशासाठी, काही विचारत नाही. उठते, दोन पावलं टाकते, समोरच्या माणसाची कॉलर धरते आणि त्याला खाली पाडून त्याच्यावर बसते. ती शांताआक्का. वैशी म्हणाली, शाळेत असताना ती पण खेळायची. आपल्याकडं कोण खेळलेलं नसतं?

मी ते चार वेळा बघितलं. एकदाही हसू आलं नाही. मग मनात आलं, आपण दुसऱ्या एखाद्या ऑफिसात असतो तर किती बरं झालं असतं.

त्यानंतरचे आठ दिवस मी स्वतःला शोधत होते. वैशी रोज संध्याकाळी फोन करायची, "घावला का?" मी म्हणायचे, तपास चालू आहे. ती म्हणायची, दमानं घे, पर सोडू नगंस. एकदा तिनं मला शाबासकी दिली, की तू एवढं माझ्यासाठी करतीस. एकदा विचारलं, असली माणसं दिसाय कशी असत्यात गं? मी म्हटलं, आपल्यासारखीच असतात. ती म्हणाली, व्हय, मलाबी तसंच वाटतंय.

या आठ दिवसांत मी आमच्या पेजवरून तो काढून टाकला. त्याचा उपयोग झाला नाही. सोडलेला व्हिडिओ परत घेणं म्हणजे गावभर उधळलेला गुलाल गोळा करणं. मग अख्खा व्हिडिओ सोडला, 'संपूर्ण पाहा' अशी ओळ टाकून. तो कुणी पाहिला नाही. कापूसवाल्यानं पाहिला, पण मी त्याच्याशेजारी उभी होते म्हणून. लोकांचं हसून झालं होतं. दिलीपरावांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, दुसरा चांगला व्हिडिओ आला की लोक हा विसरतील. मीही कित्येकांना फोनवर हेच सांगितलंय. या वेळी मला ते ऐकवलं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी, मी वैशीच्या गावाला गेले. काय बोलायचं ते बसमध्ये चार वेळा म्हणून बघितलं. ती मैदानात फक्की मारत होती. अख्खी पाटी आखली होती, आठही चौकोन. खेळायला पोरी चार. आदल्या दिवशी पाचवी गेली होती. ती प्राजक्ता. वैशी सांगत होती, तिच्यासारखी पळणारी मी बघितली नाही, वाऱ्याला घावायची नाही. पोरं घराच्या कोपऱ्यावर येऊन ओरडायला लागली तसं बापानं तिला कवठे महांकाळला मामाकडं पाठवलं, शाळा पण तिकडंच. शनिवारी पाठवलं. म्हणजे मी पहिल्याच दिवशी बोलले असते, तर मधे आठ दिवस होते. मी हा हिशोब तिथं उभ्या उभ्या केला आणि बसमध्ये म्हणून बघितलेलं सगळं तसंच राहिलं. वैशीनं मला चहा पाजला. चहा झाल्यावर म्हणाली, तुझा तपास कुठवर आला? मी म्हटलं, संध्याकाळी सांगते, मला गावातले लोक एका जागी गोळा करून दे.

गावातले लोक एका जागी गोळा व्हायची जागा म्हणजे दूध डेअरी. संध्याकाळी प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी किटली घेऊन तिथं रांगेत असतंच. भिंतीवर टीव्ही आहे, त्यावर ज्याचं त्याचं लिटर आणि फॅट दिसतं. सगळं गाव त्या टीव्हीकडं टक लावून असतं, कारण शेजाऱ्याचं फॅट किती लागलं हे बघायचं असतं. मी सचिवांना विनंती केली. त्यांनी जाहिरात आहे का, विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, दोन मिनिटं देतो, दूध तापायला लागलंय. माझा मोबाईल टीव्हीला जोडला.

आधी एकोणीस सेकंद लावले. सगळे हसले. वैशी किटली घेऊन रांगेत उभी होती, ती हसली नाही. मी म्हटलं, आता अख्खा बघा. लावला. खांबाला वळसा झाला तेव्हा काही जण परत हसले. चोर चालायला लागला तसं शांत झालं. वैशी बरोबरीला आली तेव्हा मागून एक म्हातारा बोलला, "आरं, खो दे की." टीव्हीतल्या वैशीनं खो दिला. शांताआक्का त्या माणसावर बसली तेव्हा डेअरीत असा आवाज झाला की बाहेरची कुत्री उठली. सचिव म्हणाले, परत लावा. तीन वेळा लावला. दूध थांबलं.

मग कोमलच्या आईनं विचारलं. ती अगदी पुढं उभी होती, किटली छातीशी धरून. "मग हे आधीच का न्हाई दावलं? मधीच कापलं कुणी?"

मी म्हटलं, "मी कापलं."

लोकांना आधी समजलं नाही. मी परत सांगितलं. हे माझं काम आहे, सांगलीतल्या ऑफिसात मी हेच करते, तुमच्या मोबाईलवर आलेली ती ओळसुद्धा मीच लिहिली. सगळे वैशीकडं बघायला लागले. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं किटली खाली ठेवली, स्कार्फ नीट केला आणि एवढंच विचारलं, "मला वळखलं हुतंस?"

तिथं खोटं बोलता आलं असतं. स्कार्फ होताच की. कुणीच पाहिलं नव्हतं. पण गॅदरिंगच्या सामन्यात पंचांकडे चालत गेलेली ती पाठ मला दिसायला लागली. मी म्हटलं, "व्हय. वळखलं हुतं."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा नंबर आला म्हणून दूध घालायला पुढं गेली. टीव्हीवर तिचं लिटर आणि फॅट आलं. मी मोबाईल काढून घेतला. शेवटच्या बसला अर्धा तास होता. मी थांब्यावर बसले होते तिथं ती आली, उभ्यानंच बोलली. म्हणाली, सोमवारपासनं पोरी येतील, कोमलची आई स्वतः घेऊन येणार हाय. पर प्राजक्ता यायची न्हाई. मग म्हणाली, "अकराच हुत्यात. सरावाला बारा लागत्यात. रविवारी साडेपाचला ये."

मी म्हटलं, वैशे, माझे गुडघे बघ, मी पस्तिशीला आले. ती म्हणाली, बसायचंच हाय.

तर मी रविवारी पहाटे जायला लागले. सासूबाईंना सांगितलं, कामानिमित्त जाते. एका अर्थी ते खरं होतं. तिथं मला तिसऱ्या चौकोनात बसवलं, एका बाजूला कोमल, दुसऱ्या बाजूला तिच्याहून बारकी एक. खो-खोत बसणं सोपं वाटतं, पण उकिडवं, टाचा उचलून, हाताची बोटं जमिनीला टेकवून वीस मिनिटं बसून बघा. मागं पावलं येतात, श्वास ऐकू येतो, वाटतं आता आपल्या पाठीवर पडणार. थाप शेजारणीच्या पाठीवर पडते. वळूनही बघायचं नाही. पहिल्या रविवारी मला एकदाही खो मिळाला नाही. मला वाटलं, पोरी लाजत असतील. दुसऱ्या रविवारी कळलं, वैशीनंच सांगून ठेवलं होतं, हिला द्यायचा न्हाई. पोरीच त्या, एकीनं येऊन मला सांगितलं. तिसऱ्या रविवारी पण नाही. चौथ्या रविवारी शाळेची टीम तालुक्याच्या स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात हरून आली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, प्राजक्ता असती तर. तेव्हा कुणी माझ्याकडं बघितलं नाही, पण मी बसलेली होते आणि ऐकत होते. त्या दिवशीही थाप पडली नाही. चारही रविवारी मी जागची हलले नाही, कारण खो मिळाल्याशिवाय उठणं हा फाउल आहे.

ऑफिसात आता मी प्रत्येक फाईल शेवटपर्यंत बघते. दिलीपराव म्हणतात, तुझा वेग कमी झाला. झालाय. चांगली मजेशीर क्लिप असते आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी पडलेल्याला उचलतो, किंवा कुणी उचलत नाही, आणि माझं कापायचं राहून जातं. प्राजक्ताच्या मामांचा नंबर मिळवून मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठेवला. तिथल्या शाळेत मुलींची टीम नाही. हे मला पुसता येत नाही.

पाचव्या रविवारी वैशीनं गळ्यातली शिट्टी काढून बांधावर ठेवली आणि एका पोरीला बाजूला घेऊन स्वतः पाठलागाला उतरली. मागं पावलं वाजली. मी जमिनीकडं बघत होते. पाठीवर अशी थाप बसली की कळ मानेपर्यंत गेली, आणि कानाशी "खो."

मी उठले. कशी उठले ते गुडघ्यांना माहीत. समोर एक बारकी पोर पळत होती, तिच्यामागं धावले, हात लांब केला, ती माझ्या काखेतून उलटी निसटली. आणि मी, उरलेल्यांची जुनी खेळाडू, वळले. तिच्यामागं सरळ उलटी वळून चार पावलं गेलेसुद्धा. अकरा पोरी आणि त्यांची बाई एका दमात म्हणाल्या, "फाउल."

बांधावर कोमलची आई बसली होती. पोरीला सोडायला येते आणि सराव संपेपर्यंत थांबते. तिच्या हातात मोबाईल होता आणि तो माझ्याकडं धरलेला होता. ती हसून हसून आडवी व्हायची बाकी होती. मी धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि तिला म्हटलं, "वैनी, बंद करू नका. पुढचंबी काढा."

मग खांबापर्यंत गेले, दोनदा तळहात मारला आणि वळसा घालून आले.